गोव्यात फ्रेंच शिकायचंय? वाट मराठीतून जाते

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. ‘ताई, मुलीला फ्रेंच घ्यायचंय म्हणते. पण प्राथमिक शाळा मराठीतून झालीय, इंग्रजी जेमतेम. जमेल का तिला?’ दरवर्षी मी तेच सांगते: जमेल, आणि इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या पोरांना जिथे अडखळायला होतं अशा काही जागी ती सरळ पुढे जाईल. मी स्वतः डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून आले आणि आज फ्रेंच शिकवते. सुरुवातीची दोन वर्षं मी प्रत्येक फ्रेंच वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत आणत होते. तो वळसा तुम्ही घालू नये, म्हणून हे लिहायला बसले.

एक सूचना आधीच देते. या लेखात फ्रेंच शब्द मी देवनागरीत लिहिले आहेत, कारण लेख मराठी वाचकांसाठी आहे. तुमच्या वहीत मात्र असं करू नका. शब्दाच्या डोक्यावर ‘बाँझूर’ असं पेन्सिलीने लिहून ठेवायची सवय लागली की डोळा ते लिहिलेलंच वाचतो, कान बंद होतो. पहिले पंधरा दिवस चालवून घ्या, पुढे खोडरबर काढा.

आपण कुठे उभे आहोत ते पाहा

गोव्यात बऱ्याच हायस्कुलांत आठवीपासून तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेता येतं. दहावीला नव्वदच्या वर गुण मिळवलेली मुलं येतात आणि ‘काल काय केलंस?’ एवढं फ्रेंचमध्ये विचारलं की गप्प होतात. दोष त्यांचा नाही, शाळेत क्रियापदांचे तक्ते पाठ करून पेपर सुटतो. म्हणून गुणपत्रिकेवरून अंदाज बांधू नका. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र मोबाईलवर लावा. बातमी कुठल्या देशाची आहे एवढं कळलं तरी पाया बरा आहे. काहीच कळलं नाही तर शून्यापासून सुरुवात आहे असं समजा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हाताशी सुट्टी असेल तर पणजीच्या आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत पहिल्या पातळीचा वर्ग करून घ्या.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकात ‘फ्रेंच’ हे नाव दिसलं म्हणून अर्ज भरू नका. प्रत्यक्ष जाऊन विभागात विचारा. फ्रेंच मुख्य विषय म्हणून घेता येतो की केवळ जोडीला? पहिल्या सत्रात अक्षरओळखीपासून सुरू करतात की शाळेत शिकलेलं गृहीत धरतात? तास फ्रेंचमधून चालतात की इंग्रजीतून? वर्गात किती मुलं असतात? आठ-दहा मुलांचा वर्ग ऐकला की पालकांना काळजी वाटते, विषय बंद पडेल की काय. भाषेच्या बाबतीत मला उलट वाटतं. आठ जणांच्या वर्गात रोज तुमची बोलायची पाळी येते, साठ जणांत आठवड्यातून एकदा.

एमएसाठी तालेगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ आहे, स्थापना १९८५ची. तिथे फ्रेंच हा विषय मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी, पोर्तुगीज यांच्याबरोबर शणै गोंयबाब यांच्या नावाने असलेल्या भाषा-साहित्य महाशाळेत शिकवला जातो. कोंकणी लेखक शणै गोंयबाब मूळ डिचोलीचे, जन्म १८७७चा, आणि त्यांनी मोलिएर या फ्रेंच नाटककाराची नाटकं कोंकणीत आणली. आमच्या गावच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी फ्रेंचशी सोयरीक केली होती, हे मला एमएला गेल्यावर कळलं. बीए करतानाच कोणी सांगितलं असतं तर किती बळ आलं असतं! प्रवेशासाठी विद्यापीठ जीयू-आर्ट ही परीक्षा घेतं, म्हणून बीएच्या शेवटच्या सत्रातच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा. निकालाची वाट बघत बसलात तर अर्जाची तारीख हुकते.

पहिले तीन महिने कानाला द्या

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों ऐकू येतो ना, तिथूनच फ्रेंच सुरू करता येतं. पोदेर हा पोर्तुगीज शब्द, आणि त्याच्या टोपलीतला पाव म्हणजे पोर्तुगीज ‘पांव’. फ्रेंचमध्ये पावाला म्हणतात ‘पँ’. दोन्ही एकाच लॅटिन आईची लेकरं. चावी पोर्तुगीजमधून आली, तिची फ्रेंच बहीण ‘क्ले’. पगार आला ‘पागार’वरून, फ्रेंचमध्ये पैसे देणं म्हणजे ‘पेये’. रेती वाहायचं घमेलं पोर्तुगीज ‘गामेला’वरून, आणि फ्रेंच शिपाई ज्यात जेवायचा त्या डब्याला ‘गामेल’. कोंकणीतली इगर्ज, म्हणजे चर्च, फ्रेंचमध्ये ‘एग्लीझ’ होते. वर्गात ही यादी सांगितली की मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. परकी वाटणारी भाषा स्वयंपाकघरात आधीच येऊन बसलेली असते.

आता ‘पँ’चा उच्चार. शेवटी ‘न’ नाही, ‘म’ नाही, आवाज नाकातून जातो आणि तिथेच संपतो. इंग्रजी वळणाची मुलं ‘पॅन’ म्हणतात. घरी कोंकणीत ‘हांव’ म्हणणाऱ्याला किंवा मालवणीत ‘खंय’ विचारणाऱ्याला नाकातला स्वर शिकवावा लागत नाही. फक्त तीन वेगळे करायला शिका: वाइनसाठी ‘व्हँ’, वाऱ्यासाठी ‘व्हाँ’, चांगल्यासाठी ‘बों’. आरशासमोर म्हणा. पहिल्याला ओठ ताणलेले, दुसऱ्याला तोंड उघडं, तिसऱ्याला ओठ गोल.

दुसरी आयती देणगी म्हणजे आपले त आणि द. फ्रेंच त-द दातांना जीभ लावून म्हणतात, अगदी आपल्यासारखे. प, त, क म्हणताना हवेचा झोतही सोडत नाहीत. हाताचा तळवा तोंडासमोर धरून ‘पाटी’ म्हणा आणि मग ‘फाटक’ म्हणा, फरक हाताला कळेल. फ्रेंचला पहिला लागतो. इंग्रजी बोलणारे यासाठी महिनोन्‌महिने झटतात.

जिथे खरी मेहनत आहे ते दोनच आवाज. एक ‘त्यू’मधला स्वर: जीभ ‘ई’ म्हणायला ठेवा आणि जीभ न हलवता ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करा. हा नीट जमला नाही तर ‘तू’साठीचा ‘त्यू’ आणि ‘सगळं’साठीचा ‘तू’ हे दोन फ्रेंच शब्द सारखेच ऐकू येतात. दुसरा ‘र’, जो जिभेच्या टोकावर नसून घशात आहे. गुळणी करताना घशात जिथे खरखर होते तिथे तो सापडतो, पण जोर लावू नका. हळूच म्हटला तरी पुरतो.

लिहिलेलं आणि बोललेलं यातलं अंतर सुरुवातीला छळतं. शब्दाच्या शेवटची अक्षरं बहुतेक वेळा मुकी असतात, पण पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तर जागी होतात: ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’. संधी शिकलेल्या माणसाला हे ऐकून दचकायचं कारण नाही.

व्याकरण मराठीतून समजून घ्या

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त फायदा इथेच पदरात पडतो.

‘ते मला आवडतं’ या वाक्यात कर्ता कोण? ‘ते’. आवडणारी वस्तू कर्ता, आणि ‘मला’ ही चतुर्थी. फ्रेंचमध्ये ‘सा म प्ले’: सा म्हणजे ते, म म्हणजे मला, प्ले म्हणजे आवडतं. शब्दाला शब्द जुळतो. ‘तू मला आठवतोस’ यात तू कर्ता आणि मला आठवण, फ्रेंचमध्ये ‘त्यू म माँक’ याचीही घडण तीच. इंग्रजीतून येणारी मुलं हे वाक्य हमखास उलटं करतात आणि ‘मी तुला आठवतो’ असं काहीतरी लिहून बसतात. भुकेचंही तसंच. ‘झे फँ’ म्हणजे शब्दशः माझ्याकडे भूक आहे. भूक, तहान, भीती, झोप ही सगळी नामं, जशी आपल्याकडे भूक लागते, भीती वाटते. इथे विशेषण शोधत बसू नका.

लिंगाचा बाऊ करणारे पुष्कळ भेटतील. आपण लहानपणापासून तीन लिंगं सांभाळतो, फ्रेंचमध्ये दोनच. टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, याला कारण विचारू नका. तो दरवाजा आणि ती खिडकी याला तरी काय कारण आहे? नाम पाठ करताना उपपदासकट पाठ करा, एवढंच पथ्य. विशेषण नामाप्रमाणे बदलतं हेही आपल्याला ठाऊक आहे: मोठा, मोठी, ‘ग्राँ’, ‘ग्राँद’.

आणि आता ते प्रकरण, ज्याच्यावर फ्रान्समधली मुलंही चुकतात. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’, ‘मी लिहिलेला शब्द’: लिहिणारी मीच, पण ‘लिहिलेली’ चिठ्ठीप्रमाणे आणि ‘लिहिलेला’ शब्दाप्रमाणे. फ्रेंचमध्ये चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून ‘ला लेत्र् क झे एक्रीत’. शब्द पुल्लिंगी, म्हणून ‘ल मो क झे एक्री’. तो एक ‘त’ म्हणजे आपल्या ‘ली’चा भाऊ. फरक इतकाच की कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच फ्रेंच हा मेळ राखते. कर्म मागे गेलं की सोडून देते, आणि ‘मी चिठ्ठी लिहिली’ला नुसतं ‘एक्री’ राहतं. मराठीत हा मेळ दोन्हीकडे असतो. एमएच्या पहिल्या सत्रात हे मला एका दुपारी ग्रंथालयात अचानक लख्ख दिसलं, आणि कर्मणी प्रयोग शिकवणाऱ्या आमच्या शाळेतल्या बाई आठवल्या.

तू आणि तुम्ही यांचा भेद आपल्या रक्तात आहे, फक्त एक ध्यानात ठेवा. फ्रान्समध्ये मुलं आईवडिलांना सहसा ‘त्यू’ म्हणतात, आणि दुकानदाराला, अनोळखी तरुणालासुद्धा ‘व्हू’. तिथे मान वयापेक्षा ओळखीवर ठरतो.

आकडे कठीण आहेत, खोटं कशाला सांगू. सत्त्याण्णव म्हणजे ‘चार विसा दहा सात’. आपल्या जुन्या माणसांची विसांची मोजणी ऐकली असेल तर हे पटकन गळी उतरतं. फ्रेंच लोक फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, म्हणून ‘चार’ ऐकताच ४ लिहायची घाई करू नका, पुढे ‘विसा’ येऊ शकतं. बसमधून जाताना पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी मनातल्या मनात जोड्यांनी वाचा. म्हापसा ते पणजी रोज गेलात तर महिन्यात हात बसेल. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, पण परीक्षेसाठी दोन्ही ओळखीचे हवेत.

तोंड उघडायची पायरी

पणजीत आदिलशहाच्या वाड्याशेजारी आबे फारिया या गोमंतकीय धर्मगुरूंचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५चा. पहिल्या आठवड्यात एकदा तिथे जाऊन या. जन्म १७५६चा, कांदोळीचा. १७७१ साली वडिलांबरोबर जहाजाने पोर्तुगालला गेले, पुढे पॅरिसला. संमोहनात चुंबकशक्ती वगैरे काही नसून सगळं सूचनेचं सामर्थ्य आहे, हे त्यांनी तिथे मांडलं आणि १८१९ साली आपलं पुस्तक फ्रेंचमध्ये लिहून छापलं. त्याच वर्षी ते वारले. गोव्यात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी सांगतात की लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभे राहिले आणि शब्द फुटेना, तेव्हा वडील हळूच कोंकणीत म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि त्यांची जीभ सुटली.

तोंडी परीक्षेच्या दाराबाहेर थरथरणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हे वाक्य सांगते. पण ते वाक्य कामी यायला आधी रोजचा सराव लागतो. एक जोडीदार शोधा. मांडवीच्या काठाने वीस मिनिटं चाला आणि तेवढा वेळ फक्त फ्रेंच. शब्द अडला तर ‘कोमाँ दितों...’ म्हणजे ‘...ला काय म्हणतात?’ असं विचारा, मराठीत उडी मारू नका. पहिल्या आठवड्यात तुमचं बोलणं हवामान आणि जेवण यापलीकडे जाणार नाही. जाऊ देऊ नका. हुमणाची, म्हणजे माशाच्या आमटीची, कृती फ्रेंचमध्ये सांगता आली म्हणजे आज्ञार्थ, प्रमाण आणि क्रम तीनही गोष्टी येतात.

फ्रेंच म्हणजे फ्रान्स एवढंच नाही

अभ्यासक्रमात ‘फ्राँकोफोन’, म्हणजे फ्रेंच बोलणारा, हा शब्द येतो आणि मुलं तो पेपरपुरता पाठ करतात. माझं सगळ्यात जास्त मन या भागात आहे. एक मोठा जगाचा नकाशा घ्या आणि फ्रेंच बोललं जातं ते देश रंगवा. सेनेगाल, काँगो, मोरोक्को, हैती, कॅनडाचा क्यूबेक प्रांत, मादागास्कर. लोकसंख्येने पाहिलं तर फ्रेंच वापरणारा सगळ्यात मोठा देश फ्रान्स नाही, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आहे. २० मार्च हा फ्राँकोफोनीचा, म्हणजे फ्रेंच वापरणाऱ्या देशांच्या संघाचा, दिवस, कारण १९७० साली त्या तारखेला नायजर देशातल्या नियामे शहरात या देशांचा पहिला करार झाला.

मग बोट मॉरिशसवर ठेवा. १७१५ ते १८१० फ्रेंचांचं राज्य, नंतर ब्रिटिशांचं, तरी फ्रेंच टिकली. १८३४पासून भारतातून मजूर गेले, त्यात आपल्या कोंकणपट्टीतली मराठी माणसंही. आज तिथे मराठी शाळेत शिकता येते आणि गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. घरात आणि बाजारात क्रेओल ही फ्रेंचमधून घडलेली बोली, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, संसदेचा कारभार इंग्रजी. गोव्याच्या मुलाला हे समजावून सांगायला लागत नाही. आपण घरात कोंकणी बोलतो, सकाळी मराठी पेपर वाचतो, कॉलेजात इंग्रजीतून उत्तरं लिहितो. कुठली भाषा कुणाची, कुठली घरची आणि कुठली मानाची, यावरून १९८७च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे आपल्या घराघरांत वाद झाले. क्यूबेकने १९७७ साली फ्रेंचसाठी जो कायदा केला त्याबद्दल वाचताना, किंवा मालीने २०२३च्या राज्यघटनेत फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढला ते वाचताना, हे वाद आठवा. अल्जेरियात फ्रेंच सर्रास चालते, पण तो देश फ्राँकोफोनीच्या संघटनेत नाही. का नाही, याचं उत्तर १९५४ ते १९६२च्या स्वातंत्र्ययुद्धात शोधावं लागतं. ज्यांच्यावर भाषा लादली गेली त्यांनीच तिच्यात थोर कविता लिहिली, ही गुंतागुंत गोमंतकीय माणूस आतून ओळखतो.

प्रबंधिकेचा विषय शोधत असाल तर घराजवळचाच घ्या. १६०८ ते १६१०च्या सुमारास फ्राँस्वा पिरार नावाचा फ्रेंच खलाशी गोव्यात होता आणि त्याने इथलं बारकाईने लिहून ठेवलं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर अशी जुनी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात.

निबंध लिहिताना

माझा पहिला निबंध परत आला तेव्हा समासात लाल शाईने दोनच शब्द होते: ‘ए आलोर?’ म्हणजे ‘बरं, मग?’ मी चार पानं माहिती भरली होती, पण प्रश्नच मांडला नव्हता. फ्रेंच पद्धतीत सुरुवातीला ‘प्रॉब्लेमातीक’ लागते, म्हणजे ज्याभोवती सगळा निबंध फिरेल तो पेच. त्यानंतर एक बाजू, विरुद्ध बाजू आणि दोन्ही पचवून काढलेला निष्कर्ष. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धांत अशी आपली जुनी चौकट मनात धरा, पुष्कळसं सोपं होतं. कच्चा आराखडा मराठीत करायला काहीच हरकत नाही. पूर्ण निबंध मराठीत लिहून मग भाषांतर करणं मात्र टाळा, आणि भाषांतराच्या ॲपमधून तर मुळीच काढू नका. तपासणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतं.

डेल्फ आणि त्यापुढे

पदवीबरोबर डेल्फ, म्हणजे फ्रान्स सरकारचं फ्रेंच भाषेचं प्रमाणपत्र, हवंच. ए-१, ए-२, बी-१, बी-२ या चार पातळ्या, त्यावर डाल्फच्या सी-१ आणि सी-२. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी २५ गुण. १००पैकी ५० हवेत, आणि कुठल्याही एका भागात ५पेक्षा कमी पडले तर नापास. म्हणून लिहिण्यात हुशार असलेल्यांनी ऐकण्याकडे दुर्लक्ष करू नये. प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, तर टीसीएफ या फ्रेंचच्या दुसऱ्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो. बीए संपेपर्यंत बी-१, एमए संपेपर्यंत बी-२ हे माप मी माझ्या मुलांना देते. फ्रान्समधल्या विद्यापीठात फ्रेंचमधून शिकायचं तर बहुतेक ठिकाणी बी-२ मागतात.

पुढे शाळा-कॉलेजात शिकवणं, त्यासाठी बीएड किंवा नेट, भाषांतर, पर्यटन, पुण्या-बंगळुरूच्या कंपन्या अशा वाटा आहेत. मला सगळ्यात चांगली वाटते ती फ्रान्समधल्या शाळांत सात महिने इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून जाण्याची योजना. ऑक्टोबर ते एप्रिल तिथे राहिलेली मुलगी परत येते तेव्हा तिची भाषा वेगळीच असते. फ्रान्समध्ये शिकण्यासाठीच्या शार्पाक शिष्यवृत्तीची माहिती कँपस फ्रान्स या तिथल्या शिक्षणाची माहिती देणाऱ्या संस्थेकडे मिळेल. या सगळ्यासाठी पासपोर्ट आधी काढून ठेवा.

आणि बायोडेटा फ्रेंचमध्ये लिहिताना शब्द तपासा. एका मुलाखतीत मी ‘मी कोलेजमध्ये शिकते’ असं आत्मविश्वासाने सांगितलं आणि समोरच्या बाई गोंधळल्या. फ्रान्समध्ये ‘कोलेज’ म्हणजे सहावी ते नववीच्या वयाच्या मुलांची शाळा. आपली बारावी म्हणजे साधारण त्यांचं ‘बाकालोरेआ’, आपली बीए म्हणजे ‘लिसाँस’, एमए म्हणजे ‘मास्तेर’. शिकत असलेलं ठिकाण सांगताना ‘युनिव्हेर्सिते’ म्हणा, आणि गोव्यातल्या कॉलेजचं मूळ नाव तसंच ठेवून पुढे एका ओळीत ते गोवा विद्यापीठाशी संलग्न असल्याचं लिहा.